प्रथिनापासून विस्मृतीपर्यंत

अल्झायमर घरच्यांच्या लक्षात येतो तेव्हा तो मेंदूत जुना झालेला असतो. आई गॅस बंद करायला विसरते, वडील बँकेतून परत येताना नेहमीचा चौक चुकतात, आलेल्या पाहुण्याला तोच प्रश्न अर्ध्या तासात तीनदा विचारला जातो आणि मग कोणीतरी म्हणते, एकदा डॉक्टरांना दाखवून आणू. घरच्यांच्या दृष्टीने आजार त्या दिवशी सुरू होतो. मेंदूत मात्र बीटा अमिलॉइड या प्रथिनाचे तुकडे साचायला त्याच्या पंधरा-वीस वर्षे आधीच सुरुवात झालेली असते. सत्तरीत ज्यांचे निदान होते त्यांच्या मेंदूतला पहिला बदल बहुधा पन्नाशीतला असतो. तेव्हा ते नोकरीत असतात, मुलीच्या लग्नाची बोलणी करत असतात आणि त्यांच्या स्मरणशक्तीबद्दल कोणालाही शंका नसते.

हे पुस्तक या मधल्या वर्षांबद्दल आहे. एका टोकाला प्रथिन बिघडते आणि दुसऱ्या टोकाला माणूस आपल्या नातवाचे नाव विसरतो. ही दोन्ही टोके आज बरीच स्पष्ट दिसतात. त्यांना जोडणारा रस्ता मात्र अजून पुरता सापडलेला नाही आणि गेल्या चाळीस वर्षांतले जवळजवळ सगळे वाद याच रस्त्यावरचे आहेत. ‘मेंदूत प्रथिन साचते म्हणून माणूस विसरतो’ एवढ्या एका वाक्यात हा आजार आटोपणारे लेख मराठीत बरेच येतात. ते वाक्य चुकीचे नाही, पण त्यात मधला सगळा रस्ता गाळलेला आहे. औषधांनी केलेली निराशा, एकाच वयाच्या दोन माणसांत दिसणारा जमीन-अस्मानाचा फरक, आजार कुठवर टाळता येईल हा प्रश्न, यांतले काहीही तो रस्ता पाहिल्याशिवाय कळत नाही.

आधी प्रथिनांकडे वळू. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. ती पेशीत तयार होते आणि विशिष्ट घडी पडल्यावरच कामाची ठरते. अल्झायमरमध्ये दोन प्रथिनांची घडी बिघडते. पहिले बीटा अमिलॉइड. चेतापेशीच्या आवरणात एक मोठे प्रथिन रोवलेले असते. दोन विकरे त्याला दोन ठिकाणी कापतात आणि चाळीसएक अमिनो आम्लांचा तुकडा सुटतो. असे तुकडे निरोगी मेंदूतही रोज सुटतात आणि वाहून जातात. बेचाळीस अमिनो आम्लांचा तुकडा मात्र चिकट असतो. तो आपल्यासारख्या दुसऱ्या तुकड्याला बिलगतो, त्यातून धागे बनतात आणि पेशींच्या बाहेर त्यांच्या गाठी साचतात. त्यांना प्लाक म्हणतात. दुसरे प्रथिन टाऊ. चेतापेशीच्या लांब शेपटातून रसद पोचवणाऱ्या सूक्ष्म नलिका असतात. रेल्वेच्या रुळांना खालचे स्लीपर जसे जागच्या जागी धरून ठेवतात, तसे टाऊ या नलिकांना धरून ठेवते. त्यावर फॉस्फेटचे रेणू गरजेपेक्षा जास्त चढले की ते नलिकांपासून सुटते आणि पेशीच्या आत त्याचे पीळदार गुंते होतात. प्लाक बाहेर, गुंते आत. हा नकाशा मनात असला की पुढचा इतिहास समजायला सोपा जातो.

नोव्हेंबर 1901 मध्ये फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्ट डेटर ही एक्कावन्न वर्षांची स्त्री दाखल झाली. आलोइस अल्झायमर तेव्हा तिथे डॉक्टर होते. दाखल केल्यानंतरच्या दिवसांतले तिच्याशी झालेले संभाषण त्यांनी आपल्या हाताने लिहून ठेवले. ते कागद 1995 मध्ये फ्रँकफर्टलाच सापडले. नाव विचारले तर ती ऑगस्ट म्हणाली. नवऱ्याचे नाव विचारले तरी तिने ऑगस्टच सांगितले. दुपारच्या जेवणात ताटात फ्लॉवर आणि डुकराचे मांस होते. काय खाता आहात असे विचारल्यावर तिने पालक असे उत्तर दिले. लिहायला सांगितले तर नाव अर्धवट सोडून ती थांबली आणि आपण स्वतःलाच हरवून बसलो आहोत अशा अर्थाचे काहीतरी म्हणाली. हे टिपण वाचताना मला प्रत्येक वेळी अल्झायमर यांच्या चिकाटीचे मोल वाटते. उत्तर चुकले एवढे नोंदवून ते थांबले नाहीत, कसे चुकले हेही त्यांनी टिपले. या आजाराचे वैद्यकशास्त्र त्या टिपणापासून सुरू होते.

एप्रिल 1906 मध्ये ती वारली. अल्झायमर तोवर म्युनिकला मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांच्याकडे गेले होते. तिचा मेंदू तिकडे पाठवला गेला. चांदीच्या क्षारांनी रंगवलेल्या कापांत त्यांना पेशींच्या जागी उरलेले गुंते आणि सर्वत्र विखुरलेल्या बारीक गाठी दिसल्या. त्याच वर्षी 3 नोव्हेंबरला ट्युबिंगेनच्या परिषदेत त्यांनी हे मांडले. श्रोत्यांतून एकही प्रश्न आला नाही. पुढच्याच वर्षी प्रागमध्ये ऑस्कर फिशर यांनी वार्धक्यात बुद्धी ढासळलेल्या सोळा रुग्णांचे मेंदू तपासले आणि त्यांतल्या बारांमध्ये प्लाक दाखवले. खरे पाहता फिशर यांचे काम अधिक व्यापक होते. पण 1910 मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात आजाराला आपल्या सहकाऱ्याचे नाव दिले आणि ते रूढ झाले. फिशर ज्यू होते. 1942 मध्ये तेरेझिनच्या नाझी तुरुंगात त्यांचा अंत झाला आणि त्यांचे नाव पुढे अनेक दशके पुस्तकांतूनही गेले. मराठी वाचकाला ते माहीत असावे म्हणून इथे मुद्दाम नोंदवतो.

क्रेपेलिन यांच्या पाठ्यपुस्तकातल्या वर्गवारीने एक नुकसानही केले. अल्झायमर हा मध्यमवयातला दुर्मीळ आजार ठरला आणि सत्तर-ऐंशी वर्षांच्या माणसांची विस्मृती म्हातारपणाच्या खात्यात गेली. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणणारे आपण आणि तेव्हाचे युरोपीय डॉक्टर यांच्या समजुतीत फारसे अंतर नव्हते. ही भिंत पडायला पन्नास वर्षांहून अधिक काळ लागला. 1960च्या दशकात इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ या तिघांनी वृद्धांची हयातीत घेतलेली चाचणी आणि मृत्यूनंतर मोजलेले प्लाक ताडून पाहिले. म्हाताऱ्यांच्या मेंदूतही तेच बदल होते. मग 1976 मध्ये अमेरिकेत रॉबर्ट कॅट्झमन यांनी एका छोट्या संपादकीयात ठामपणे लिहिले की दोन्ही आजार एकच आहेत, आणि तसे असेल तर हा दुर्मीळ आजार नसून मोठ्या मृत्युकारणांपैकी एक आहे. पैसा आणि प्रयोगशाळा या विषयाकडे वळल्या त्या यानंतर.

पहिली मोठी विचारधारा रसायनांची. मेंदूत ॲसिटिलकोलीन हे संदेशवाहक रसायन कमी पडते असे सत्तरच्या दशकात दिसले. ते टिकवून धरणारी डोनेपेझिलसारखी औषधे नव्वदच्या दशकात आली. आपल्याकडचे डॉक्टर आजही तीच लिहून देतात. त्यांनी काही रुग्णांना काही काळ थोडे बरे वाटते, पण आजाराची चाल थांबत नाही.

दुसरी विचारधारा अमिलॉइडची आणि तिच्यावर जरा रेंगाळायला हवे. 1984 मध्ये जॉर्ज ग्लेनर आणि केन वाँग यांनी रुग्णांच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्यांवर साचलेले प्रथिन वेगळे करून त्याची रचना वाचली. डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तींच्या मेंदूतही तेच सापडले. या व्यक्तींत एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते आणि चाळिशीपर्यंत त्यांच्या मेंदूत अल्झायमरचे बदल दिसू लागतात. अमिलॉइडचे जनुक त्याच गुणसूत्रावर निघाले. 1991 मध्ये पिढ्यान्‌पिढ्या तुलनेने लवकरच्या वयात हा आजार होणाऱ्या एका ब्रिटिश कुटुंबात याच जनुकात बदल सापडला. सगळे धागे एका जागी येत होते. 1992 मध्ये जॉन हार्डी आणि जेराल्ड हिगिन्स यांनी सूत्र मांडले: आधी अमिलॉइड साचते, त्यामुळे टाऊचे गुंते होतात, पेशी मरतात, स्मृती जाते. इतके स्वच्छ सूत्र हाती आल्यावर औषधकंपन्या त्यामागे धावल्या यात नवल नाही.

पण मेंदूचे नकाशे दुसरेच काही सांगत होते. अमिलॉइड आधी साचते ते मेंदूच्या बाह्य आवरणात, आठवण जिथे घडते तिथून दूर. टाऊचा प्रवास वेगळा आहे. 1991 मध्ये फ्रँकफर्टच्याच हायको आणि एव्हा ब्राक या दांपत्याने त्याच्या सहा पायऱ्या दाखवल्या. गुंते कानशिलाच्या आतल्या कडेला, हिप्पोकॅम्पसच्या उंबरठ्यावर सुरू होतात, मग हिप्पोकॅम्पसमध्ये शिरतात आणि तिथून भाषा, दिशा, ओळख सांभाळणाऱ्या भागांत पसरतात. विस्मृतीचा क्रमही हाच. हिप्पोकॅम्पस नव्या घटनांची आठवण बांधतो, म्हणून सकाळचा चहा झाला की नाही हे आजीला आठवत नाही. माहेरच्या विहिरीची, शाळेतल्या बाईंची आठवण बाह्य आवरणात पूर्वीच पक्की झालेली असते, म्हणून ती वर्षानुवर्षे शाबूत राहते. हातांची आणि सुरांची स्मृती आणखी निराळ्या यंत्रणेवर चालते. मुलाला न ओळखणारी आजी गणपतीची आरती एकही कडवे न चुकता म्हणते, पोळीही गोल लाटते. ‘हिला सगळे आठवते, मुद्दाम करते’ असा संशय घरात येतो तो इथेच. त्या संशयाने किती घरांत कडवटपणा आला असेल. निव्वळ तो दूर व्हावा म्हणूनही ही माहिती मराठीत यायला हवी.

अमिलॉइडवाले आणि टाऊवाले असे दोन तट अनेक वर्षे होते. आज बहुतेक अभ्यासक मधली जागा घेतात: हिप्पोकॅम्पसच्या उंबरठ्यावर थोडे टाऊ उतारवयात बहुतेकांत असते, पण अमिलॉइड साचले की ते आपली वेस ओलांडून पसरू लागते. कसे, ते पक्के कळलेले नाही. बिघडलेले टाऊ शेजारच्या पेशीत जाऊन तिथल्या चांगल्या टाऊची घडी बिघडवते, असे प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दिसते. स्मृतीशी सर्वांत जवळचे नाते मात्र ना प्लाकचे, ना गुंत्यांचे. ते आहे दोन चेतापेशींमधल्या जोडांचे, म्हणजे सिनॅप्सचे. जोड किती उरले, यावरून माणूस किती विसरला हे सर्वांत चांगले सांगता येते, असे रॉबर्ट टेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1991 मध्ये दाखवले.

याशिवाय तिसऱ्या, चौथ्या वाटाही आहेत: मेंदूतल्या रक्षक पेशींचा दाह, बारीक रक्तवाहिन्यांची झीज, मेदाची ने-आण करणारे एपीओई हे जनुक. त्याचा ‘चार’ हा प्रकार धोका वाढवतो हे 1993 पासून माहीत आहे. ऐंशीच्या पुढच्या मेंदूत तर यांपैकी बहुधा एकच दोष नसतो, दोन-तीन एकत्र नांदत असतात.

मधला रस्ता किती लांब असू शकतो हे दाखवणारी एक स्त्री कोलंबियात होऊन गेली. तिथल्या अँटिओक्विया प्रांतात फ्रान्सिस्को लोपेरा या डॉक्टरांनी आयुष्यभर एका विस्तीर्ण कुटुंबाचा अभ्यास केला. या कुटुंबातल्या एका जनुकीय दोषामुळे माणसे चव्वेचाळिशीच्या सुमारास विसरू लागतात आणि पन्नाशीपर्यंत त्यांना स्मृतिभ्रंश होतो. आलिरिया पिएद्राहिता यांच्यात तोच दोष होता, पण सत्तरी येईपर्यंत त्यांची बुद्धी शाबूत राहिली. 2019 मध्ये त्यांची कहाणी प्रसिद्ध झाली. मेंदूचे स्कॅन काढले तर अमिलॉइड भरपूर होते, कुटुंबातल्या इतरांपेक्षाही जास्त. टाऊ मात्र थोडेच. त्यांच्या एपीओई जनुकात एक दुर्मीळ बदल होता आणि तो आई व वडील दोघांकडून आला होता. एका स्त्रीवरून सिद्धान्त उभारता येत नाही. पण अमिलॉइड आणि टाऊ यांच्यामध्ये एक दार आहे आणि ते बंद ठेवता येते, हे तिच्या मेंदूने दाखवले. अमेरिकेतल्या 678 ख्रिस्ती जोगिणींवर डेव्हिड स्नोडन यांनी केलेल्या अभ्यासातही असेच काही दिसले होते. सिस्टर मेरी एकशे एकाव्या वर्षी वारल्या तोवर चाचण्यांत चांगले गुण मिळवत होत्या आणि मेंदू प्लाक-गुंत्यांनी भरलेला होता.

आता औषधे. अमिलॉइडविरुद्धची पहिली लस 2002 मध्ये थांबवावी लागली, कारण सुमारे सहा टक्के रुग्णांच्या मेंदूला सूज आली. त्यानंतर वीस वर्षे एकामागून एक चाचण्या फसल्या. 2023 मध्ये अमेरिकेत लेकॅनेमॅब या अमिलॉइडविरोधी औषधाला पूर्ण मान्यता मिळाली. 1795 रुग्णांवरच्या चाचणीत अमिलॉइड खरोखरच साफ झाले आणि दीड वर्षात घसरण 27 टक्क्यांनी मंदावली. हा आकडा सगळ्या बातम्यांत होता. पण अठरा गुणांच्या ज्या मोजपट्टीवर तो काढला, तिच्यावर दोन गटांतला फरक अर्ध्या गुणाहूनही कमी होता. चाचणीत दर दोन आठवड्यांनी शिरेतून औषध द्यावे लागले आणि मेंदूला सूज येण्याचा, रक्तस्रावाचा धोका राहतो. माझे मत स्पष्ट सांगतो. या औषधाने अमिलॉइडचा आजाराशी कार्यकारण संबंध आहे हे दाखवले आणि ते लहान काम नाही. पण लक्षणे दिसू लागल्यावर अमिलॉइड काढणे पुरेसे नाही, हेही त्यानेच दाखवले. एका सूत्रावर इतका पैसा आणि इतकी वर्षे लागल्यामुळे बाकीच्या वाटा मागे पडल्या, ही तक्रार मला रास्त वाटते. अमिलॉइडच्या एका विशिष्ट समूहाने उंदरांत स्मृती बिघडते असे सांगणारा 2006 मधला गाजलेला शोधनिबंध, त्यातल्या चित्रांत फेरफार आढळल्यामुळे 2024 मध्ये मागे घेतला गेला. त्यावरून सगळा अमिलॉइडच खोटा, असा निष्कर्ष समाजमाध्यमांवर फिरला. तो बरोबर नाही. जनुकांचा पुरावा त्या निबंधावर कधीच उभा नव्हता.

हे सगळे आपल्या दाराशी आलेले आहे. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार साठीपुढच्या भारतीयांपैकी 7.4 टक्के लोकांना, म्हणजे सुमारे 88 लाखांना, स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण जास्त. यापूर्वी हरियाणातल्या बल्लभगडच्या अभ्यासात अल्झायमरचे प्रमाण जगातल्या सर्वांत कमी प्रमाणांपैकी एक निघाले होते. त्या अभ्यासाची मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळी आहे. परदेशी चाचणीत वाक्य वाचायला आणि लिहायला सांगतात. जिने कधी पाटी धरली नाही अशा बाईला हे विचारून काय कळणार? म्हणून तिथे हिंदीतून नवी चाचणी तयार झाली. ‘डोळे मिटा’ हे वाचून तसे करण्याऐवजी समोरच्याने डोळे मिटले की आपण मिटायचे. वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराबद्दल एक वाक्य बोलायचे. स्मृती मोजायची तर आधी त्या माणसाचे जगणे समजून घ्यावे लागते.

प्रतिबंधाबद्दलही आशेला जागा आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 मध्ये चौदा घटकांची यादी दिली. शिक्षणाचा अभाव, ऐकू कमी येणे, उच्च रक्तदाब, मधुमेह, एकटेपणा, हवेचे प्रदूषण हे त्यांतले काही. हे सगळे हाताळता आले तर जगातले सुमारे 45 टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येतील असा आयोगाचा अंदाज आहे. हा हिशेब समाजाचा आहे. नियमाने चालणाऱ्या, कोडी सोडवणाऱ्या माणसालाही अल्झायमर होतो आणि तेव्हा ‘त्यांनी काळजी घेतली नसेल’ असे म्हणणे निर्दयपणाचे आहे.

मराठीत या आजाराची मानवी बाजू आधीच पोचलेली आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी उभे केलेले, रस्त्यावरच्या हत्तीमागे निघून गेलेले संस्कृतचे प्राध्यापक अनेकांच्या लक्षात असतील. विज्ञानाची बाजू मात्र तुकड्या-तुकड्यांत राहिली. हे पुस्तक ती सलग मांडू पाहते. प्रथिनांची घडी, त्यांचा पसारा, सिनॅप्सची पडझड, स्मृतीच्या निरनिराळ्या यंत्रणा, आणि मग निदान, औषधे, घरातली शुश्रूषा, असा त्याचा ओघ आहे. वाद जिथे मिटलेला नाही तिथे दोन्ही बाजू दिल्या आहेत आणि लेखकाचा कल कुठे आहे तेही सांगितले आहे. पार्किन्सन आणि इतर स्मृतिभ्रंशांना ओझरता स्पर्श आहे, तेवढाच पुरे वाटला. ज्यांच्या घरी रुग्ण आहे त्यांनी शेवटच्या भागापासून वाचायला सुरुवात केली तरी अडणार नाही. तो भाग स्वतंत्रपणे वाचता येईल असाच लिहिला आहे.

रक्तातले टाऊ मोजून अल्झायमरचा अंदाज देणाऱ्या चाचण्या आता आल्या आहेत. अमेरिकेत अशा पहिल्या चाचणीला मे 2025 मध्ये मान्यता मिळाली. ज्यांना काहीही त्रास नाही त्यांनी निव्वळ धास्तीपोटी अशी चाचणी करून घ्यावी असे मला वाटत नाही. आणि कोणी विसरू लागले असेल तर हे पुस्तक हातात धरून घरच्या घरी निदान करू नये. बी-बारा जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा दोष, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, पडल्यानंतर कवटीखाली साचलेले रक्त, यांनीही माणूस विसरतो आणि यांतल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे. वेळेत तपासणी झाली तर ती विस्मृती परत फिरू शकते, म्हणून वाचन बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जावे.